मेहर आणि वारसा: मुस्लिम बाईने काय, कधी आणि कुठे लिहून घ्यावं

मेहर, म्हणजे निकाहात नवऱ्याने बायकोला द्यायचं कबूल केलेलं धन, हे नवऱ्याच्या डोक्यावरचं कर्ज आहे आणि बापाच्या मिळकतीत मुलीचा हिस्सा ठरलेला आहे. मुस्लिम कायद्यात या दोन्ही गोष्टींबद्दल वाद नाही; कुराणाच्या चौथ्या सूरेत दोन्ही स्पष्ट लिहिलेल्या आहेत. तरीही असंख्य बायकांच्या हातात काहीच पडत नाही. कारण हक्क मागायची वेळ येते तेव्हा कागद नसतो, किंवा नको त्या वेळी नको त्या कागदावर अंगठा उठलेला असतो. म्हणून इथे कायद्याच्या कलमांपेक्षा आयुष्यातल्या प्रसंगांच्या क्रमाने सांगते: कुठल्या वेळी काय करायचं आणि काय मुळीच करायचं नाही.

आधी आपल्याला कुठला कायदा लागू होतो ते समजून घ्या. भारतात १९३७ च्या शरियत कायद्यामुळे लग्न, तलाक, मेहर, हिबा (हयातीत दिलेली भेट) आणि वारसा या बाबतीत मुस्लिमांना मुस्लिम वैयक्तिक कायदा लागू होतो. महाराष्ट्रात बहुसंख्य मुस्लिम सुन्नी हनफी, कोकणी मुस्लिम बहुतेक शाफई, तर दाऊदी बोहरा आणि खोजा शिया आहेत. पंथाप्रमाणे वारशाचे नियम थोडे बदलतात, त्यामुळे वकिलाकडे गेल्यावर पंथ पहिल्यांदा सांगा. खाली दिलेले हिशेब सुन्नी नियमाचे आहेत. गोव्यात मात्र चित्र वेगळं आहे. तिथे १९३७ चा कायदा लागूच नाही. पोर्तुगीज काळापासून चालत आलेला नागरी कायदा मुस्लिमांनाही लागतो आणि वेगळा करार केला नसेल तर मिळकतीत नवरा-बायकोचा निम्मा-निम्मा वाटा धरला जातो. बांदा किंवा सावंतवाडीकडची मुलगी गोव्यात दिली असेल, तर चौकशी तिथल्या वकिलाकडेच करावी.

पायरी १: मेहर बोलणीतच ठरवा

आपल्याकडे हॉल, जेवण, मानपान सगळं आधी ठरतं. मेहरचा आकडा मात्र काझी साहेब वही उघडून "मेहर किती लिहू?" म्हणतात तेव्हा कोणीतरी वडीलधारा सांगून टाकतो. ७८६, १,०५१, ५,०५१ असा एखादा शुभ वाटणारा आकडा येतो आणि कोणी हरकत घेत नाही, कारण त्या क्षणी हरकत घेणं वाईट दिसतं. म्हणून साखरपुड्याच्या आधीच विषय काढा. मुलीच्या अम्मीने काढला तरी चालेल, आणि मुलीने स्वतः काढला तर फारच चांगलं. मेहर तिचा आहे, बापाचा नाही.

रक्कम किती असावी? हनफी मतानुसार किमान दहा दिरहम, म्हणजे साधारण ३० ग्रॅम चांदी. वरची मर्यादा नाही. अनेक घरांत मेहर-ए-फातिमी धरतात. ती ५०० दिरहम, आपल्याकडच्या प्रचलित हिशेबाने १३१ तोळे ३ मासे, म्हणजे सुमारे १,५३० ग्रॅम चांदी. ती लिहायची असेल तर नुसतं "मेहर-ए-फातिमी" लिहून थांबू नका. चांदीचं वजन लिहा आणि रक्कम देण्याच्या दिवशीच्या भावाने, हेही लिहा.

माझं मत विचाराल तर मेहर रुपयांत ठरवूच नये. वीस वर्षांपूर्वी ठरवलेल्या दहा हजारांना आज काय किंमत राहिली, हे कोणालाही समजावून सांगायला नको. सोन्यात ठरवा: किती तोळे, किती कॅरेट. किंवा घराचा हिस्सा ठरवा.

आणखी एक गोष्ट याच वेळी मिटवा. सासरचे लग्नात जे दागिने घालतात ते मेहरमध्ये धरायचे की भेट म्हणून? हे लिहिलं नाही तर पुढे भांडण ठरलेलं. नवरा म्हणतो, "हार घातला तोच मेहर होता." बायको म्हणते, "तो तर सासूबाईंनी मुँहदिखाईला दिला होता." कोर्टात दोघांकडेही पुरावा नसतो.

मेहर ठरलाच नाही तरी निकाह वैध असतो आणि हक्कही जात नाही. अशा वेळी मेहर-ए-मिस्ल मिळतो, म्हणजे वडिलांकडच्या बहिणी, फुफ्या (आत्या) यांना किती मेहर बांधला होता ते पाहून कोर्ट रक्कम ठरवतं. पण ते सिद्ध करत बसण्यापेक्षा आधी ठरवणं केव्हाही बरं.

पायरी २: निकाहनाम्यातले दोन शब्द तपासा

मेहर दोन प्रकारचा. मुअज्जल म्हणजे मागितल्याबरोबर द्यायचा, आणि मुवज्जल म्हणजे तलाक झाल्यावर किंवा नवरा वारल्यावर द्यायचा. शब्द इतके सारखे आहेत की उर्दू लिपीत घाईने लिहिताना एकाच्या जागी दुसरा पडतो. त्यामुळे शेजारी आपल्या भाषेत "नगद" किंवा "उधार" असं लिहून घ्या. अर्धा नगद, अर्धा उधार असाही ठरवता येतो आणि तो व्यवहाराला सोयीचा असतो.

सगळ्यात जपायचा शब्द म्हणजे "अदा". मेहर प्रत्यक्ष हातात आलेला नसताना "मेहर अदा" किंवा "वसूल" असं लिहिलं जातं, कारण "घरचीच माणसं आहेत, नंतर देतील". एकदा तो शब्द वहीत गेला की पैसे मिळालेच नव्हते हे सिद्ध करणं महाकठीण. दिला असेल तरच अदा, नाहीतर "बाकी".

शर्तींचा रकानाही रिकामा सोडू नका. नवऱ्याने दुसरं लग्न केलं किंवा खर्च देणं थांबवलं तर बायकोला स्वतःवर तलाक घेण्याचा अधिकार, ज्याला तलाक-ए-तफवीज म्हणतात, असा करार भारतातल्या कोर्टांनी मान्य केलेला आहे. निकाहनाम्याची एक प्रत मुलीकडे, तिच्या स्वतःच्या पिशवीत हवी. फोटो काढून आई-बहिणीच्या मोबाइलवरही ठेवा. शिवाय महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानुसार लग्नाची सरकारी नोंदणी करून घ्या. काझींची वही हरवली किंवा जमात बदलली तर हीच नोंद उपयोगी पडते.

पायरी ३: संसारात आपलं ते आपल्या नावावर

लग्नाने बाईची मिळकत नवऱ्याची होत नाही. तिचा पगार, माहेरचं सोनं, मेहर आणि वारशाची जमीन या सगळ्याची मालकीण तीच. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात तर असं म्हटलं आहे की नवरा बायकोची मिळकत विकून टाकत असेल किंवा तिला तिच्या मिळकतीवरचे हक्क वापरू देत नसेल, तर तो छळ आहे आणि त्या कारणावर तिला घटस्फोट मागता येतो.

दागिन्यांची पावती स्वतःच्या नावाची ठेवा, लग्नात मिळालेल्या वस्तूंची यादी करून त्यावर दोन्हीकडच्या सह्या घ्या. नवरा मेहरपोटी घर किंवा जमीन देत असेल तर दस्त नोंदवूनच घ्या. इथे बरेचजण फसतात. निव्वळ प्रेमाने दिलेला हिबा तोंडीही वैध असतो: देणाऱ्याने जाहीर करायचं, घेणाऱ्याने स्वीकारायचं आणि ताबा द्यायचा. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली म्हटलं की असा हिबा कागदावर लिहिला म्हणून त्याची नोंदणी सक्तीची होत नाही. पण मेहरच्या कर्जापोटी दिलेलं घर हा कायद्याच्या नजरेत मोबदल्याचा व्यवहार आहे. त्याला नोंदणीकृत दस्त लागतो; तोंडी शब्द चालत नाही.

मुदतीचंही लक्षात ठेवा. मेहरच्या वसुलीचा दावा तीन वर्षांच्या आत करावा लागतो. नगद मेहरची तीन वर्षं मागणी करून नकार मिळाला तेव्हापासून, किंवा मागणी झालीच नसेल तर तलाक वा मृत्यूपासून मोजतात. उधार मेहरची तलाक किंवा मृत्यूपासून. म्हणजे लग्न टिकून आहे आणि कधी मागितलाच नाही, तर वीस वर्षांनीही हक्क शाबूत असतो. पण रागाच्या भरात वकिलाची नोटीस पाठवली, त्याने लेखी नकार दिला आणि मग समेट करून गप्प बसलात, तर तीन वर्षं चालू झालेली असतात.

पायरी ४: तलाकाच्या वेळी चार गोष्टी मागा

एका दमात दिलेला तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०१७ रोजी रद्द ठरवला आणि २०१९ च्या कायद्याने तो गुन्हा झाला. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अशा तलाकाने लग्न मोडतच नाही.

रीतसर तलाक झाला असेल तर १९८६ च्या, तलाक झालेल्या मुस्लिम बायकांच्या हक्कांसाठीच्या कायद्याचं कलम ३ काढा. त्यात बाईला चार गोष्टी दिल्या आहेत: इद्दतीच्या (तलाक किंवा मृत्यूनंतर दुसरं लग्न करण्याआधी बाईने थांबायच्या) काळात पुढच्या आयुष्यासाठी योग्य तरतूद आणि खर्च; मुलं तिच्याकडे असतील तर जन्मापासून दोन वर्षांपर्यंत त्यांचा खर्च; ठरलेला मेहर; आणि लग्नाआधी, लग्नात किंवा नंतर माहेरच्यांनी, मित्रमंडळींनी, नवऱ्याने वा त्याच्या नातेवाइकांनी तिला दिलेली सगळी मालमत्ता. अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे करायचा. हुकूम होऊनही नवऱ्याने दिलं नाही तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

तलाक झालेल्या मुस्लिम बाईला पोटगी देणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या शाहबानो निकालानंतर हा कायदा आला आणि त्याने बाईचा खर्च इद्दतीपुरता मर्यादित केला असा समज पसरला. २००१ साली डॅनियल लतीफी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो दूर केला: रक्कम इद्दतीच्या आत द्यायची, पण ती तिच्या पुढच्या सगळ्या आयुष्याचा विचार करून. १० जुलै २०२४ च्या निकालाने आणखी एक शंका मिटली. तलाक झालेल्या मुस्लिम बाईला सर्वसाधारण फौजदारी कायद्यातल्या पोटगीचा मार्गही खुला आहे. पूर्वीचं कलम १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झालं आहे.

आता खुलाबद्दल. खुला म्हणजे बायकोने मागितलेली सुटका, आणि त्यात बहुधा मेहर सोडायला सांगतात. दोन वर्षं खर्च दिला नाही, चार वर्षं ठावठिकाणा नाही, मारहाण आहे, अशी परिस्थिती असेल तर घाईने खुलानाम्यावर सही करू नका. १९३९ च्या कायद्याने कोर्टातून घटस्फोट घेतला तर मेहरचा हक्क जात नाही. त्याच कायद्याचं कलम ५ तसं सांगतं. कसूर त्याची आणि मेहर सोडायचा हिने, हा सौदा मला कधीच पटलेला नाही. सुटका लवकर हवी म्हणून खुला घ्यायचाच असेल, तर कागदाच्या शेवटची "आमचा सर्व हिशेब चुकता झाला, काही देणंघेणं नाही" ही ओळ शोधा. ती तशीच ठेवली तर दागिने आणि सामानही त्यातच गेलं.

पायरी ५: नवरा वारल्यावर

जनाजा उठायच्या आधी घरातली एखादी वयस्क बाई विधवेला मय्यतीजवळ नेते आणि म्हणते, "मेहर माफ केला म्हण, म्हणजे त्याच्यावरचं ओझं उतरेल." ती रडत असते, भोवती चाळीस माणसं असतात, आणि ती "माफ केला" म्हणते. कायद्यात मेहरची माफी स्वखुशीने, शांत डोक्याने दिलेली हवी. नवऱ्याच्या मृत्यूच्या धक्क्यात दिलेली माफी बंधनकारक नाही असं कलकत्ता उच्च न्यायालयाने १९२० सालीच म्हटलं आहे. त्यामुळे तसं म्हणून गेला असाल तरी हक्क संपला असं समजू नका. आणि मयताच्या डोक्यावरचं ओझं उतरवायचंच असेल तर त्याची वाट शरियतनेच सांगितलेली आहे: त्याच्या मिळकतीतून कर्ज फेडा. मेहर हे कर्जच आहे.

मयताच्या मिळकतीतून आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग एक तृतीयांशापर्यंत वसियत (मृत्युपत्र), आणि उरलेलं वारसांत. मेहर कर्जात मोडतो, म्हणून तो वाटणीच्या आधी निघतो आणि बाईचा वारशाचा हिस्सा त्याच्यावर वेगळा मिळतो. फक्त बँक किंवा इतर घेणेकऱ्यांच्या पुढे तिचा नंबर लागत नाही. ज्यांनी तारण घेतलेलं नाही अशा घेणेकऱ्यांच्या ती बरोबरीची असते.

मेहरपोटी नवऱ्याच्या घराचा किंवा जमिनीचा ताबा तिच्याकडे रीतसर आलेला असेल, तर मेहर मिळेपर्यंत तो सोडायची तिला गरज नाही. हा हक्क प्रिव्ही कौन्सिलच्या, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वांत वरच्या अपील कोर्टाच्या, काळापासून मान्य आहे. ती ती मिळकत विकू शकत नाही आणि उत्पन्नाचा हिशेब तिला द्यावा लागतो, पण ताबा राखू शकते. म्हणून "थोडे दिवस माहेरी जाऊन ये" असं कोणी म्हणालं तर विचार करून पाऊल उचला.

विधवेची इद्दत चार महिने दहा दिवसांची. ती घरात असते आणि नेमक्या याच दिवसांत दीर बँकेत जातो, तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज देतो, विम्याचे कागद भरतो. तो चांगल्या मनाने करत असेलही. पण "भाभी, इथं सही करा" म्हणून पुढे आलेला प्रत्येक कागद वाचून, त्याचा फोटो काढून, मगच सही करा. गरजेच्या कामासाठी दिवसा बाहेर पडायला इद्दतीत मुभा आहे, आणि फोनवर वकिलाशी बोलायला तर काहीच अडचण नाही.

पायरी ६: अब्बांच्या मागे बहिणीचा हिस्सा

मुस्लिम कायद्यात वडिलोपार्जित आणि स्वकष्टार्जित असा फरक नाही, आणि जन्माने हक्कही नाही. अब्बा आहेत तोवर सगळं त्यांचं. ज्या क्षणी ते जातात त्या क्षणी प्रत्येक वारसाचा हिस्सा त्याच्या नावे होतो. कोणी वाटून दिला नाही तरी.

समजा, चिपळूणजवळच्या एका गावात एक गृहस्थ वारले. मागे बायको, दोन मुलगे, एक मुलगी. घर, कलमांची बाग आणि ठेवी मिळून ४२ लाख. बायकोचा मेहर २ लाख बाकी. तो आधी काढला. राहिले ४० लाख. मुलं असल्यामुळे बायकोचा आठवा हिस्सा, म्हणजे ५ लाख. उरलेल्या ३५ लाखांत मुलाला दोन भाग आणि मुलीला एक, असे पाच भाग. एक भाग ७ लाखांचा. मुलग्यांना १४-१४ लाख, मुलीला ७ लाख. अम्मीच्या हातात मेहर धरून ७ लाख. सातबाऱ्यावर हेच अपूर्णांकात यायला हवं: अम्मी ५/४०, मुलगे प्रत्येकी १४/४०, मुलगी ७/४०. मूलबाळ नसतं तर बायकोचा हिस्सा चौथा झाला असता.

१९३७ च्या कायद्यातून शेतजमीन वगळली आहे हे वाक्य भाऊ हमखास ऐकवतात. त्याचा अर्थ शेतीत मुलींना काहीच नाही असा नव्हे. उत्तर प्रदेशासारखा शेतीच्या वारशाचा वेगळा क्रम महाराष्ट्रात नाही. मुलींना वगळण्याची एखादी रूढी आहे असं म्हणणाऱ्याने ती कोर्टात सिद्ध करायची असते.

प्रत्यक्षात काय करायचं? वारस नोंदीच्या अर्जात आपलं नाव आहे का ते पाहा. अर्ज ई-हक्क प्रणालीवरून घरबसल्या करता येतो. सातबारा महाभूलेखवर आणि फेरफाराच्या नोटिसा आपली चावडीवर दिसतात. मुंब्र्यात किंवा दुबईत राहणाऱ्या बहिणीने महिन्यातून एकदा गावाचं नाव टाकून पाहावं. नाव गाळलं असेल तर नोटिशीच्या पंधरा दिवसांत तलाठ्याकडे लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. मुदत टळली तर प्रांताकडे अपील करता येतं. फेरफार हा मालकीचा अंतिम पुरावा नसतो, त्यामुळे नाव नसलं तरी हिस्सा जात नाही. पण नाव नसलं की जमीन विकणं सोपं होतं, आणि खरा धोका तिथे आहे.

हक्कसोडपत्राबद्दल दोन गोष्टी सांगते. अब्बा हयात असताना "मला हिस्सा नको" अशी घेतलेली सही मुळात निरर्थक आहे, कारण तेव्हा हक्कच जन्मलेला नसतो. मात्र त्या बदल्यात पैसे किंवा फ्लॅट घेतला असेल, तर नंतर शब्द फिरवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७० च्या दशकातच म्हटलं आहे. दुसरी गोष्ट मृत्यूनंतरच्या चाळीसाव्या दिवसानंतरची. सगळे जमलेले असतात, जेवणं झालेली असतात, आणि भाऊ म्हणतो, "आपा, उद्या रजिस्ट्रारकडे जाऊन येऊ, नावं एकाकडे असलेली बरी." "जाऊ, पण आधी कागद दोन दिवस माझ्याकडे दे" एवढं म्हणायला शिका. द्यायचाच असेल तर हिस्सा जरूर द्या, पण तो किती रुपयांचा आहे हे कळल्यावर.

भाऊ जमीन कसतो एवढ्याने बहिणीचा हक्क बुडत नाही. पण त्याने उघडपणे हक्क नाकारल्यावर बारा वर्षं गप्प बसलात तर प्रकरण हातातून जाऊ शकतं. नकार मिळाला की दिवाणी कोर्टात वाटपाचा दावा करा.

पायरी ७: मुलीच असतील तर आधीच तजवीज

मुलगा नसेल तर एका मुलीला निम्मा आणि दोन किंवा अधिक मुलींना मिळून दोन तृतीयांश हिस्सा मिळतो. बायको, दोन मुली आणि एक भाऊ मागे असेल तर २४ भागांतले ३ बायकोला, ८-८ मुलींना आणि ५ भावाला जातात. शिया कायद्यात मुली असताना भावाला काही जात नाही. आपल्या मुलींनाच सगळं मिळावं असं वाटत असेल तर हयातीतच हिबा करा, ताबा द्या, नावं चढवा. वसियतीवर विसंबू नका. ती एक तृतीयांशापुरतीच चालते आणि सुन्नी कायद्यात वारसाच्या नावे केलेली वसियत इतर वारसांनी मान्य केली तरच टिकते. तिसरा मार्ग विशेष विवाह कायद्याखाली लग्न नोंदवण्याचा. झालेला निकाहही तसा नोंदवता येतो. मग १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो: विधवेला एक तृतीयांश, मुलगा-मुलगी समान. केरळात एका वकील-अभिनेत्याने आपल्या तीन मुलींसाठी २०२३ साली हेच केलं.

बापाआधी मुलगा वारला तर त्याच्या बायकोला सासऱ्याच्या मिळकतीत काही मिळत नाही, आणि दुसरे मुलगे असतील तर नातवंडांनाही नाही. अशा घरातल्या आजोबांनी नातवंडांच्या नावे एक तृतीयांशापर्यंत वसियत आजच करून ठेवावी. नातवंडं तेव्हा वारस नसतात, म्हणून ती कोणाच्या संमतीविना टिकते.

पायरी ८: कुठे जायचं, काय न्यायचं

मेहर आणि नवरा-बायकोच्या मिळकतीचे वाद कौटुंबिक न्यायालयात, ते नसेल तिथे दिवाणी न्यायालयात. बँकेतल्या पैशांसाठी वारस प्रमाणपत्र कोर्टातून मिळतं. नॉमिनी लावला म्हणून तो मालक होत नाही. वकील परवडत नाही म्हणून थांबू नका: १९८७ च्या कायद्यानुसार कुठल्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. जिल्हा किंवा तालुका कोर्टाच्या आवारातच विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, आणि १५१०० हा देशभराचा मदत क्रमांक आहे. वैवाहिक वादातल्या पोटगी, मालमत्ता आणि घटस्फोटाच्या दाव्यांत महाराष्ट्रात बायकांना कोर्ट फीची माफीही आहे. ती हवी असल्याचं वकिलाला दावा लिहितानाच सांगा.

जाताना निकाहनामा, लग्न नोंदणीचा दाखला, आधार, दागिन्यांच्या पावत्या, लग्नाचे फोटो, मृत्यूचा दाखला, ताजा सातबारा किंवा मिळकत पत्रिका आणि घरपट्टीची पावती न्या. निकाहनामा सापडत नसेल तर काझींच्या वहीतल्या पानाचा उतारा लेखी अर्ज देऊन मागा. आणि निकाहाच्या वेळी निकाहचे वकील (मुलीची संमती विचारून येणारे) व गवाह (साक्षीदार) म्हणून कोण होते त्यांची नावं एका कागदावर लिहून ठेवा. ती माणसं अजून हयात असतील तर त्यांची साक्ष लवकर नोंदवून घेता येईल का, हे पहिल्याच भेटीत वकिलाला विचारा.